त्याने पास केलेला नग

माझ्या शेजाऱ्याने मला फसवले. मी त्याला नाही. इथे कन्नड मुलखात, कुवेंपुनगरातली आमची माणसे उलटे सांगतील, कारण तो मवाळ होता आणि मी भांडकुदळ. तोंडावर मी त्याला ‘अहो’ म्हणत असे. इथे ‘तो’ लिहितो, कारण राग अजून उतरलेला नाही.

“स्वल्प थांबा, राव,” हे त्याचे पालुपद. गाडी कोणाचीही असो, तो आधी इंजिनावर पालथा हात ठेवायचा. जरा कोमट लागले की, “अजून गार झालं नाही,” म्हणून आत कॉफी करायला जायचा. तापलेल्या इंजिनात व्हॉल्व्हची फट खरी कळत नाही, असे त्याचे म्हणणे.

नंजनगूडच्या एका कारखान्यात तीस वर्षे तो माल तपासायला होता. केसभर चुकलेला नग बाजूला काढायचा. मालकाचा मेहुणा मध्ये पडला तरी पास करायचा नाही. निवृत्त झाल्यावर हा आजार तो घरी घेऊन आला. शेंगा निवडायला बसला की भाजीवालीकडे रांग लागायची. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. मी भाव पाडण्यात पटाईत, तो सांगितलेला भाव देणारा. पण भाजीवाली वर कढीपत्ता घालायची ती त्याच्या पिशवीत. माझ्या पिशवीत कधी कोणी फुकट काडीही टाकली नाही.

मी जुन्या दुचाक्यांचा व्यापारी. डोक्यावर कापडाचे गठ्ठे वाहून सुरुवात केली, स्वतःच्या दुकानापर्यंत आलो. उभी गाडी बघून तिचा इतिहास सांगतो, पण पाना कधी हातात धरला नव्हता. मुलीने मातीत उडवायची मोटारसायकल मागितली, तेव्हा तीन तास घासाघीस करून, विकणाऱ्याला रडकुंडीला आणून मी ती आणली. आणि रविवारी सकाळी ती ढकलत नेऊन मुलगी कोणाच्या अंगणात उभी करायची? त्याच्या.

कंपाउंडच्या भिंतीवरून मला सगळे दिसायचे. दोघे खाली बसलेले, टाकी काढलेली, प्लग काढलेला. तो पातळ पोलादी पात्यांची जुडी उघडून त्यातले एक पाते फटीत सरकवायचा आणि तिच्या हातात द्यायचा.

“थिजलेल्या तुपातून चमचा ओढल्यासारखं लागलं पाहिजे, पुट्टी. लागलं?”

“लागलं, काका.”

पुट्टी, म्हणजे छोटी! घरात तिला त्या नावाने हाक मारणारा मी एकटा. सव्वीस वर्षांची, बँकेत नोकरी करणारी पोर. माझ्याशी बोलताना तिचा आवाज चढतो. त्याच्यापुढे दोन दोन तास हळू बोलायची, वर हसायची. सांगा, तुम्ही काय केले असते?

मी जाहीर केले, की या रविवारी फट मी तपासणार, माझ्या अंगणात. तो आपली पाती घेऊन आला. त्याने सांगितले तसे इंजिन फिरवून मी खुणेला खूण जुळवली, पाते घातले, बारीक स्क्रू फिरवत फट लावली. ओढ लागली. अगदी तूप.

“अय्यो अप्पा, सूपर!” मुलगी म्हणाली.

मग स्क्रूवरचे नट मी दात खाऊन आवळले. आयुष्यात मी काहीच सैल सोडलेले नाही.

“बघा आता,” मी त्याला म्हणालो. “तुमच्या कारखान्यात पास झालं असतं की नाही?”

त्याने पाते टेकवले. थांबला. माझ्याकडे पाहिले, मुलीकडे पाहिले. “चष्मा घरी राहिला,” असे पुटपुटत जुडीत चाचपून पुन्हा एक पाते सरकवले, मागेपुढे केले.

“बरोबर आहे, राव.”

त्या दिवशी मी गल्लीभर होळिगे, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या, वाटल्या. पुढे वर्षभर गिऱ्हाइकांना, सोयऱ्यांना सांगत राहिलो, “आमच्या गाडीचे व्हॉल्व्ह मी स्वतः लावतो.”

या उन्हाळ्यात तो झोपेतच गेला. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण मुलगी त्याच्या दारात ज्या रीतीने रडली, ते पाहून माझ्या मनात आलेच, की माझ्यासाठी ही अशी रडेल का?

गेल्या रविवारी मी पुन्हा फट लावली, नट आवळले. मुलीने सहज पाते घालून पाहिले. ते आत जाईना.

“स्क्रू धरून नट आवळायचा, अप्पा. नाहीतर त्याच्याबरोबर स्क्रूही फिरतो आणि फट बुजते. मागच्या वेळी पण असंच झालं होतं. काकांनी दुसऱ्या दिवशी परत लावलं ना...”

आणि तिने जीभ चावली.

मग मी खोदून खोदून सगळे बाहेर काढले. मला दाखवायला त्याने पातळ पाते घातले होते. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेल्यावर दोघांनी मिळून फट नीट केली. तशीच चालवली असती तर व्हॉल्व्ह जळला असता. तीस वर्षे ज्याने कोणाची भीड ठेवली नाही, त्याने आयुष्यात एकच खोटा नग पास केला, तो माझा.

तो ‘चुकलं’ म्हणाला असता तर काय झाले असते, हे मला कळते. मी आधी पान्याला शिव्या दिल्या असत्या, मग त्याला, आणि मुलगी कायमची भिंतीपलीकडे गेली असती. हे त्यानेही ओळखले होते. म्हणून काय झाले? मी त्याच्याकडे दया मागितली होती? मला काही हवे असले तर मी भांडून घेतो. फुकट घेत नाही.

त्याला आता जाब विचारता येत नाही. पण पुट्टी, तू आहेस. मी चारचौघांत बढाई मारायचो तेव्हा तू शेजारी उभी राहून ‘हौदु, हौदु’ करत होकार भरायचीस. ते त्याने शिकवले म्हणून, माझी कीव आली म्हणून, की मी बाप आहे म्हणून? मराठीत सांग, कन्नडात सांग, पण तोंडाने सांग. ताट वाढून ठेवू नकोस. उत्तर मिळाल्याशिवाय मी जेवायला बसणार नाही.