बापूमामांचं शिंगरू

फोन आला तेव्हा मी सांगलीत, विश्रामबागेत न्हाव्याच्या खुर्चीत होतो, दाढी निम्मी उतरलेली. पलीकडून मामी म्हणाली, "तुझं मामा गेलं रं." मी तसाच मामांच्या गावच्या, कोरेगावच्या एसटीत बसलो. बापूमामा असते तर माझा गाल बघून गावभर सांगत सुटले असते... दीड महिना झाला त्याला.

मामा फौजेत घोड्यांचे नालबंद. तरुणपणी कुस्ती खेळलेले, त्यामुळे जगातल्या कुठल्याही दुबळेपणावर त्यांच्याकडे एकच औषध होतं, खुराक. गेल्या वर्षी त्यांनी एक आईवेगळं शिंगरू आणलं आणि ते पैलवानासारखं पोसायला घेतलं. भिजवलेला हरभरा, दूध, तूप, वर दोन अंडी. शिंगरू असं फोफावलं की लोक मुद्दाम बघायला यायचे. त्याच्या पुढच्या गुडघ्यांवर गाठी आल्या, तर मामा त्यावरून हात फिरवून म्हणायचे, "हाड बघा हाड." मीही मान डोलावली, शिवाय सांगलीहून बदाम नेले.

मग ते लंगडायला लागलं. डावा पाय गुडघ्यातून आत झुकला. मिरजेहून जनावरांच्या डॉक्टर आल्या. म्हणाल्या, "मामा, हाडाच्या टोकाला कोवळी पट्टी असते. हाड तिथून वाढतं. वजन झेपेना, म्हणून ती एका बाजूनं दबलीय. खुराक बंद करा, वाळला चारा घाला, लहान जागेत ठेवा. वाढ चालू आहे तोवर पाय सरळ व्हायची आशा आहे. ती थांबली, की आहे तसाच राहणार."

"फौजेत माझ्याकडं वाढलेलीच घोडी यायची," मामा एवढंच बोलले.

त्या दिवसापासून शिंगरू भुकेनं खिंकाळायचं आणि सगळं घर कासावीस व्हायचं. मी जाईन तेव्हा गुपचूप मूठभर हरभरा चारायचो. मूठभरानं काय होतंय... एकदा मामांसमोरच शिंगरानं माझ्या खिशात नाक खुपसलं.

"खिशात काय हाय रं?"

"रुमाल, मामा."

"रुमाल लय चवीचा दिसतोय." मग त्यांनी स्वतःच्या बंडीतून गुळाचा खडा काढला. आतून मामी भाकरीचा तुकडा पदराआड धरून येत होती, ती आम्हाला बघून थबकली. आम्ही तिघंही हसलो, पोट दुखेपर्यंत. त्या हसण्याची आता लाज वाटते.

डॉक्टर पुन्हा आल्या, पाय चाचपला, हाडाचा फोटो काढला आणि "वाढ थांबली," म्हणत मान हलवली. त्या गेल्यावर मामा म्हणाले, "वैऱ्यानंबी असं केलं नसतं, गड्या." त्यानंतर ते स्वतः निम्मीच भाकरी खायचे. मामीनं किती आर्जवं केली, पण ऐकलं नाही.

मामांचं दिवसकार्य झाल्यावर मी गोठ्यात गेलो. भिंतीच्या चुन्यावर कोळशानं ओढलेल्या उभ्या रेघा होत्या. मामी म्हणाली, "दर रविवारी तुझं मामा त्येच्या पायाची रेघ वडायचं. वाकडंपण कमी झालं का बघायचं." डावीकडून बघत गेलो. पहिली रेघ जरा झुकलेली, पुढची जास्त, त्यापुढची आणखी. शेवटची मात्र सरळ होती, गवंड्यानं ओळंब्यात धरावी तशी. मी शिंगराला त्या रेघेजवळ उभं केलं आणि बघितलं, पाय वाकडाच होता. मग ती रेघ झाकायला चुन्याचं डबडं शोधायला निघालो, पण मामी म्हणाली, "ऱ्हाऊ दे."