प्रार्थनेला दिलेलं नाव

मी नगरला कॉलेजात निघाले तेव्हा घरच्यांनी मला आत्मिक लढाईबद्दल बरंच बजावलं होतं. आमच्या घरातून एवढं शिकायला याआधी कोणी गेलं नव्हतं, त्यामुळे धोका नेमका कुठून येईल हे कोणालाच माहीत नव्हतं. आई म्हणाली, सकाळी बायबल वाचल्याशिवाय मोबाईल हातात घेऊ नको. मी ते पाळलं. नगरला लागूनच्या केडगावातल्या माझ्या खोलीवर शुक्रवारी उपासही धरायचे. मला वाटायचं, सैतान आला तर शहराकडूनच येणार.

माझी लढाई सुरू झाली ती श्रीगोंद्याकडच्या आमच्याच गावात, आणि तीही प्रार्थनेच्या वाटेनं. हे लिहितानाही मी बिचकते, कारण मला कोणाला सैतान म्हणायचं नाही.

झालं असं, की पहिल्या वर्षी मी गणितात नापास झाले. हे फक्त काकूला सांगितलं. ती शेजारीच राहते, लहानपणापासून माझं सगळं तिच्यापाशीच. घरी मी स्वतः सांगणार होते, थोडा धीर आला की. काकूनं ते चर्चच्या महिला मंडळात प्रार्थनेचा विषय म्हणून दिलं, माझं नाव घेऊन. वडील साखर कारखान्यात कामाला आहेत. गेटवर आमच्या चर्चच्या मंडळीतल्याच एकानं त्यांना सांगितलं, की तुमच्या पोरीच्या गणितासाठी आमच्या घरी रोज प्रार्थना चाललीय. वडील मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मला गेटवर कळलं."

गावात आले की बायका थांबवून विचारायच्या, आता कसं चाललंय, आम्ही विसरलो नाही हं. राग धरायचा तरी कोणावर? प्रार्थना करणाऱ्यांवर? गुडघ्यावर बसले की काकूशी मनातल्या मनात भांडण सुरू व्हायचं, आणि त्यात मीच जिंकायचे. उत्तरं इतकी चांगली सुचायची की आमेन म्हणायचं राहून जायचं.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, आदल्या दिवशी आमच्या मंडळीत तयारीची सभा असते. पाळकसाहेब तेव्हा फार बोलत नाहीत. कोणाबद्दल मनात काही असेल तर आजच जाऊन मिटवा, म्हणतात, आणि मग सगळे गप्प बसतात. ज्यांना जायचं ते उठून जातात. त्यांच्याकडे कोणी वळून बघायचं नाही, अशी रीत आहे. त्या शनिवारी काकू आलीच नव्हती. मला आधी बरं वाटलं, मग चीड आली. चूक तिची आणि उठायचं मी? चटईच्या काड्या मोडत राहिले. शेवटी उठले, पण धीर आला म्हणून नाही, बसवेना म्हणून.

काकू ओट्यावर मेथी निवडत होती. वाटेत मी वाक्य जुळवलं होतं, मी तुला क्षमा करते. ते ओठावर यायच्या आत तीच म्हणाली, "भांडायला आली असशील तर आधी बस."

मी बसले. म्हटलं, "काकू, माझं मन तुझ्याबद्दल कडू झालंय. ते घेऊन उद्या मला प्रभूच्या मेजाशी येववत नाही."

"प्रार्थना मागितली, चोरी न्हाई केली," ती म्हणाली. "लोकं झाकून ठेवत्यात. मी देवापुढं ठेवलं."

माझे कान तापले. क्षमा करायची तयारी करून मी आले होते, पण समोरच्याला ती नकोच असेल तर काय करायचं, याची तयारी नव्हती. उठून जावंसं वाटलं. हात कशात तरी हवा म्हणून मी मेथीच्या काड्या ओढल्या.

तिनं निवडलेली पानं टोपलीत टाकली. मग खाली बघतच म्हणाली, "तुझं नाव घेतलं तवा समद्या माझ्याकडं बघाय लागल्या. कॉलेजातली गोष्ट, अन् ती मला ठाव. लई ग्वाड वाटलं बघ मला. म्हणून आज सभेला आले न्हाई."

मनातल्या इतक्या भांडणांत तिनं हे एकदाही म्हटलं नव्हतं.

"प्रार्थना कर," ती म्हणाली. "मनातल्या मनात. माझा विषय गावाला कळाय नको."

हसू आलं, पण राग गेला नव्हता. डोळे मिटून देवाला मी तेवढंच सांगितलं, की राग गेलेला नाही.

रविवारी काकू आली. भाकरीचं ताट तिच्यापाशी आलं तेव्हा मी तिच्याकडेच बघत होते. तिनं तुकडा घेतला, मग मीही घेतला. बाहेर पडताना एका बाईनं सवयीनं काकूलाच विचारलं, पोरीच्या गणिताचं काय झालं? काकूनं तोंड उघडलं, आणि मिटलं. ती खाली वाकून चपला शोधू लागली. बायका माझ्याकडे वळल्या.

"परीक्षा पुन्हा द्यायचीय," मी म्हटलं. "भीती वाटते."