उपाशी ठेवलेलं रान

बन्सीधरशेठनी कंपनीत संशोधन विभाग काढला तो पाकिटावर छापायला. परभणीच्या एमआयडीसीत गोदामाच्या मागची एक खोली रंगवली, सूक्ष्मदर्शक आणला, पाहुण्यांना दाखवायला काचेची कपाटं मांडली आणि कृषी विद्यापीठातून शिकून आलेली पालमची धम्मशीला खुर्चीवर बसवली. पाहुणे आले की ती नुसती हसली असती, तर शेठची काही तक्रार नव्हती. पण ही बाई त्या खोलीला खरंच प्रयोगशाळा समजून बसली.

कंपनी जिवाणू खत विकायची. बियाण्याला पावडर चोळायची, तिच्यातल्या जिवंत जिवाणूंनी मुळांना अन्न मिळवून द्यायचं, असा तो माल. धम्मशीलानं रुजू होताच दुकानादुकानातून आपलीच पाकिटं परत आणून तपासली. उन्हाळाभर पत्र्याखाली पडलेल्या पाकिटांत एकही जिवाणू जिवंत नव्हता. शेतकरी पैसे देऊन बियाण्याला माती चोळत होते. शेठ म्हणाले, आजवर कुणी बोललं नाही. ती म्हणाली, मी बोलतेय की. मग वर्षभर डोकं खपवून तिनं उन्हात टिकणारा प्रकार तयार केला, आणि आज कंपनीचं जे काही नाव आहे ते त्याच मालानं झालेलं आहे. शेठचा धंदा या बाईच्या नकारावर उभा राहिला, हे शेठ सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

नवा माल आला तेव्हा ती आणखी चिवट झाली. कोरडवाहू ज्वारीसाठी एक वेगळा जिवाणू हाती लागला होता. पोखर्णीच्या रस्त्याला कंपनीचं रान होतं. तिथं तिनं शेजारी शेजारी दोन तुकडे पाडले. एकात जिवाणू चोळलेली ज्वारी, दुसऱ्यात काहीही न लावलेली, काहीही न घातलेली. तीन हंगाम ओळीनं फरक दिसला तरच माल बाजारात, असा तिचा कायदा. दोन हंगाम फरक झकास दिसला. तिसऱ्याची वाट न बघताच शेठनी पाकिटं छापून घेतली.

आणि पौषात त्या काही न घातलेल्या तुकड्यातली ज्वारी शेजारणीच्या डोक्यावरून बघायला लागली. पानं काळीभोर, ताटं जाड. धम्मशीला तडक रानात गेली. तिनं रानाचे राखणदार तात्याराव यांना विचारलं, मामा, इथं काही टाकलंत का?

तात्यारावांचा चेहरा फुलला. कुणीतरी विचारायची ते वाटच बघत असावेत.

“टाकलं काय न्हाई, बाई. उन्हाळ्यात बिरूची मेंढरं बसवली हितं. शेजारच्याला सगळं अन् ह्याला काहीच न्हाई, दोन वर्षं बघायलो मी. पंगतीत एकाच माणसाला वाढायचं सोडल्यावानी दिसायलं.”

मेंढरं रात्रभर रानात बसली की लेंड्यांनी त्या रानाचं नशीब उघडतं, हे इथल्या पोराटोरांनाही माहीत आहे. लोक बिरू धनगराला हातापाया पडून बोलावतात. तात्यारावांनी त्याला आपल्या घरचा चहा पाजून, गोडीगुलाबीनं आणला होता. धम्मशीला बांधावर बसली. तुलनाच बुडाली, म्हणजे तिसरा हंगाम बुडाला. पण रागवावं तरी कुणावर? रान राखा एवढंच तिनं या माणसाला सांगितलं होतं. ते उपाशी का ठेवलंय, हे त्यांना सांगावं असं तिला कधी सुचलंच नव्हतं.

शेठना तिनं सरळ सांगितलं की हंगाम गेला, आणखी एक घ्यावा लागेल. शेठ उखडले. शिवारफेरी ठरलेली, जिल्ह्यातले दुकानदार हुरड्याला यायचे होते. मग त्यांनीच तोड काढली. बांधाच्या पलीकडे रामहरीचं मुरमाड रान होतं, त्यात ज्वारी जेमतेम गुडघ्याला लागत होती. ‘जिवाणू न लावलेली ज्वारी’ ही पाटी तेवढी तिकडं हलवायची आणि मॅडमनी लोकांना फरक समजावून सांगायचा. नाहीतर खोलीला कुलूप लावू, म्हणाले. तिनं नाही म्हटलं. बायका पहिल्यांदा नाहीच म्हणतात, अशी शेठनी आपली समजूत घालून घेतली.

शिवारफेरीच्या दिवशी पाटी रामहरीच्या रानात उभी होती. शेठ हात नाचवत फरक दाखवत होते, दुकानदार हुरडा चोळत माना डोलावत होते. हुरड्याला रामहरीलाही बोलावलेलं होतं, आणि घोळ तिथंच झाला. तो पुढं येऊन म्हणाला, माझ्या रानाची अशी बेइज्जती कशापायी? सगळे धम्मशीलाकडं बघायला लागले. पाटी चुकून लागली म्हणाली असती तरी निभावलं असतं. तिच्या अंगाचा मात्र भडका उडाला होता. ती बांध ओलांडून गेली आणि दोन्ही हातांनी हिसडा देऊन तिनं पाटी उपटली.

“रामहरीभाऊंच्या रानाचा अन् आमच्या प्रयोगाचा संबंध न्हाई. आमचा खरा तुकडा त्यो तिकडं हाय. त्यात मेंढरं बसली, म्हणून यंदा आमाला काहीच सांगता येत न्हाई.”

एका दुकानदारानं विचारलं, म्हणजे माल खोटा का? तशी ती म्हणाली, “खोटा म्हणले न्हाई मी. मला अजून माहीत न्हाई, असं म्हणायले.”

शेठनी तिला बाजूला घेतलं. सोमवारपासून यायची गरज नाही, म्हणाले. ती म्हणाली, सोमवारी मी इथंच असेन; उचलून बाहेर टाकायचं असेल तर माणसं घेऊन या. उन्हाळ्यात चार तुकडे पाडायचे आहेत. एकात नुसता जिवाणू, एकात नुसती मेंढरं, एकात दोन्ही, एकात काहीच नाही. दोन्ही मिळून काय होतं ते आपण अजून बघितलेलं नाही. यावर शेठचा कान टवकारला. कान शेवटी व्यापाऱ्याचा होता. “हुरडा गार व्हायलाय,” एवढंच बोलून ते मांडवाकडं वळले. हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

धम्मशीला पाटी घेऊन खऱ्या तुकड्याकडं गेली. मागोमाग तात्याराव आले, चेहरा उतरलेला. एका तुकड्यात काहीच का घालायचं नाही, हे तिनं त्यांना तिथंच उभ्यानं, पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “समजलं, बाई. पण मला त्ये बघवायचं न्हाई.”

“मलाबी बघवत न्हाई, मामा,” ती म्हणाली, “तरी ठेवायचं.”