बशीएवढे आजोबा

मी कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर लोकांच्या हिरड्यांचं माप घेऊन पाठवतात. मी मेण, प्लॅस्टर वगैरे सगळे सोपस्कार करून गुलाबी हिरडीत दात बसवतो आणि परत पाठवतो. या भागातले निम्मे म्हातारे हसताना माझं काम दाखवतात, असं मी बायकोला ऐटीत सांगत असतो. ती म्हणते, "आणि उरलेले निम्मे तुम्हाला हसतात."

बुधवारी दुपारी दोन ते तीन मात्र मी कवळीवाला नसतो. तेव्हा मी कम्युनिटी रेडिओवर ब्लूजचा कार्यक्रम करतो. आमचं केंद्र म्हणजे वाचनालयाच्या वरच्या दोन खोल्या. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेत, दाराला जुनी गादी ठोकली आहे आणि बोलण्याआधी पंखा बंद करावा लागतो, नाहीतर श्रोत्यांना माझ्यापेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो. तेच बरं वाटतं, असं एकाने कळवलंही होतं. आमचा आवाज चार किलोमीटर जातो. एका बाजूला टेकडी आहे, तिकडे दोनच.

ब्लूज हे कापसाच्या शेतात राबलेल्या, तुरुंगात खडी फोडलेल्या, प्रेमात सपाटून आपटलेल्या माणसांचं गाणं. इथेच माझी पंचाईत होती, कारण मला कसलंच दुःख नव्हतं. नोकरी कधी सुटली नाही, कारण कधी केलीच नाही. बायको सोडून गेली नाही. एकदा विचारून पाहिलं, तर म्हणाली, "वेळ कुठाय?" तेव्हा मी दुसऱ्यांच्या दुःखावर बोलायचो, आणि भरपूर बोलायचो. गाणं तीन मिनिटांचं असेल तर त्याआधी पाच मिनिटं, मधे गिटार वाजत असताना दोन, आणि शेवटचा सूर विरायच्या आत एक जोरदार "वा!" थोर थोर गायकांची चरित्रं मी अशा थाटात सांगायचो, की जणू ते सगळे माझ्याकडे कवळीचं माप देऊन गेले होते.

माझ्या रेकॉर्ड जुन्या सामानाच्या दुकानातल्या. सगळ्या ताटाएवढ्या, एकच बशीएवढी. तिच्या मधल्या कागदाला कधीतरी पाणी लागून त्यावरचं नाव-गाव पार पुसून गेलं होतं. घरच्या प्लेअरवर लावली, तर आतून एक म्हातारा गायला लागला. खोल, जड, संथ. विहिरीतून भरलेली बादली ओढावी तसा एकेक शब्द वर येत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

बायको तेव्हा कपडे वाळत घालत होती. ती हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसते. न दिसणाऱ्या माणसांचे आवाज ओळखण्यात तिचा दिवस जातो. तिने हातातला टॉवेल तसाच धरून जरा कान दिला.

"अहो, ही बाई आहे."

"कोण?"

"गाणारी. श्वास कसा घेते बघा ना. बाईचा श्वास आहे तो. तुमच्या मशीनचं काहीतरी बिघडलंय."

मी हसलो. नुसता हसलो असतो तर एक वेळ चाललं असतं, पण मी तिला समजावूनही सांगितलं. "अगं, यातलं तुला काय कळतंय?" हे वाक्य मला शब्दशः आठवतं, कारण तिला शब्दशः आठवतं.

त्याला आता अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं मी माझा प्लेअर काखोटीला मारून केंद्रावर नेत होतो आणि दर बुधवारचा शेवट त्या म्हाताऱ्याने करत होतो. मी त्याचं नाव ठेवलं 'आजोबा'. आजोबांच्या आवाजात सत्तर वर्षांची तंबाखू आहे, दोन मेलेल्या बायका आहेत, एक बुडालेली होडी आहे, असं मी श्रोत्यांना सांगायचो. हे मला कुठून कळलं म्हणाल, तर आवाजावरून.

आमच्या केंद्रप्रमुख निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांना आम्ही सगळे 'बाई' म्हणतो आणि त्यांच्यासमोर खिशातून हात बाहेर काढतो. गेल्या महिन्यात त्यांनी मला बोलावलं.

"तुमचं कुणी ऐकतं का हो?"

"म्हणजे काय, बाई!"

"गुडघेदुखीच्या व्यायामाला हाच तास हवाय. येत्या बुधवारी तीनच्या आत दहा वेगवेगळ्या लोकांचे फोन आले, तर तास तुमचा. नाहीतर गुडघ्यांचा."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, मला खरंच भीती वाटली. आठवडाभर मी प्लॅस्टरच्या जबड्यांसमोर बसतो. ते बोलत नाहीत. माझं बोलणं ऐकायला कुणीतरी आहे, असं मला त्या एका तासातच वाटायचं. तो गेला असता तर मागे नुसते जबडे उरले असते.

मी ठरवलं, पूर्ण तासभर आजोबांना मानवंदना द्यायची. बायकोला फोन करायला सांगितलं नाही. ती माझा कार्यक्रम ऐकत असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. आदल्या दिवशी मी प्लेअर केंद्रावर ठेवून आलो. तिथली यंत्रं एक लिफ्टवाले काका सांभाळतात. आयुष्यभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या, आता हाताला काम नसलं की त्यांना चैन पडत नाही. दिसेल ते उघडतात.

बुधवारी मी पंखा बंद केला आणि आजोबांवर बारा मिनिटं बोललो. होडी बुडवली, दोन्ही बायका मारल्या. मग सुई टेकवली.

आतून एक विशी-बाविशीची पोरगी उड्या मारत बाहेर आली.

चपळ, चढा, हसरा आवाज. मागे पियानो नुसता धावत होता. मी सुई उचलली. रेकॉर्ड पाहिली. तीच, बशीएवढी. पुन्हा लावली, पुन्हा पोरगी. घाबरून मी फिरत्या रेकॉर्डवर बोट टेकवलं, तशी ती हळू झाली आणि आजोबा आले. बोट उचललं, पोरगी. टेकवलं, आजोबा.

दार ढकलून काका आत आले. "अहो, बोट काढा! तुमचा वेगाचा खटका अडकलेला होता, काल मोकळा केला. लहान रेकॉर्ड जास्त वेगाने फिरवायची असते, एवढंही माहीत नाही? अकरा वर्षं या पोरीला लिफ्ट असताना जिन्याने चढवलंत!"

माइक चालू होता. चार किलोमीटरपर्यंत, टेकडीकडे दोन, सगळ्यांनी ते ऐकलं.

मग फोन वाजायला लागला. पहिला बेकरीवाल्याचा. "आजोबांना काय झालं? त्यांच्या तालावर मी कणीक मळतो." मग एका आजींचा. "त्यांच्या आवाजावर माझा दुपारी डोळा लागतो. ही कोण बया?" तिसरा म्हणाला, "म्हणजे होडीपण खोटी?" सगळे चिडलेले. बाई मात्र फळ्यावर शांतपणे एकेक रेघ मारत होत्या. तक्रार असली तरी फोन तो फोन. तीनला दहा मिनिटं असताना नऊ रेघा झाल्या आणि फोन गप्प झाला.

मी बोलत राहिलो. दुःख आणि वेग यांचा संबंध काय, यावर मी अक्कल पाजळत होतो. रेकॉर्ड तशीच पडून होती. तीनला पाच कमी असताना फोन वाजला.

"नमस्कार. हॉस्पिटलमधून बोलतेय," पलीकडून आवाज आला. तो आवाज मी रोज सकाळी चहाच्या वेळी ऐकतो, पण इतक्या अदबीने तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता.

"तू... तुम्ही आमचा कार्यक्रम ऐकता?"

"अकरा वर्षं. बुधवारी मी जेवणाची सुट्टी दोनला घेते."

मी बाईंकडे पाहिलं. फसवायचं म्हटलं तरी जमलं नसतं. "बाई, ही माझी बायको."

"ऐकते ना?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी दहावी रेघ मारली.

मला एकदम भरून आलं. लाज वाटली म्हणून की तास वाचला म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही. मी घसा खाकरून म्हटलं, "तू तेव्हा सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "आता तिला एकदा नीट गाऊ द्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आणि अहो, मधे बोलू नका."

मी सुई सुरुवातीला टेकवली, माइक बंद केला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो. पोरगी गात होती. पियानो एकटाच वाजू लागला तेव्हा माझ्या जिभेवर नेहमीची दोन मिनिटं आली होती. ती गिळली. शेवटच्या ओळीआधी तिने श्वास घेतला. छोटा, घाईचा, स्पष्ट. बाईचा.

गाणं संपलं. रेकॉर्ड नुसतीच फिरत राहिली. मी 'वा' म्हटलं नाही.

"ऐकलंत?" फोनवरून बायकोने विचारलं.

"ऐकलं," मी म्हणालो, आणि ती पुढे काय बोलते याची वाट पाहत बसलो.