मशीनच्या टेबलावरचं स्टिअरिंग

कल्पना करा, तुम्ही घरात खुर्चीवर बसला आहात. हातात स्टिअरिंग, पायाखाली तीन पेडल, समोर टीव्हीवर डोंगरातला रिकामा रस्ता. वळण जवळ येतंय. गाडी हळू करा. तुमचं आधी काय हलेल, हात की पाय?

लक्ष्मीमावशीचा हात हलायचा. उजवा. ती स्टिअरिंगची कड तळव्याने घट्ट आवळायची आणि गाडी सरळ दरीत जायची.

चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत शेजारी राहणारी ही मावशी तीस वर्षं पायमशीनवर ब्लाउज शिवते. त्या मशीनला ब्रेक नसतो. पाय मारले की ते पळतं, झटकन थांबवायचं तर उजव्या हाताने बाजूचं चाक धरायचं. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तिने तेच केलं. साहेब "थांबा" म्हणाले, मावशीने स्टिअरिंग आवळलं आणि दोन रंगीत खांब आडवे झाले.

साखरेच्या आजाराने तिच्या नवऱ्याची, रामदासकाकांची, नजर अधू झाली, तेव्हापासून त्यांची गाडी खाली कव्हराखाली उभी आहे. दर भीमजयंतीला दोघं तिच्यातून गावी मंडणगडला जायची. काका म्हणाले, विकून टाकू. मावशी म्हणाली, माझ्या दुसऱ्या परीक्षेपर्यंत थांबा. ती येत्या सोमवारी आहे.

म्हणून मी माझं गेम खेळायचं स्टिअरिंग तिच्याकडे नेलं. ते पक्कं बसेल असं जड टेबल घरात एकच होतं, मशीनचं. तिथेच मी चुकले. त्या टेबलापाशी बसल्याबरोबर मावशीचे पाय सवयीने झुलू लागले आणि पडद्यावरची गाडी उचक्या देत निघाली.

"ब्लाउज शिवतेयस काय गं?" काका पलंगावरून म्हणाले. त्यांना पडदा नीट दिसत नव्हता, पण इंजिनाचा आवाज पुरत होता. "गिअर टाक. रडतेय बिचारी."

"तुम्ही गप बसा. पॅसेंजर आहात."

चार दुपारी अशाच दरीत गेल्या.

त्या स्टिअरिंगच्या आत एक छोटी मोटर असते. रस्ता खडबडीत झाला की ते तळव्यात थरथरतं, वळणावर हलकेच हात ओढतं. पाचव्या दुपारी मावशी आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "जॉर्जेटसारखं सरकतंय गं हे." जॉर्जेटचं कापड कधी ओढायचं नसतं, शिवण गोळा होते. त्याला नुसती वाट दाखवायची. मग तिने स्टिअरिंगही तसंच धरलं, बोटांच्या टोकांनी.

पडद्यावर धुकं होतं, एका बाजूला तळं. जयंतीसाठी शिवून दोरीला अडकवलेले पांढरे ब्लाउज पंख्याच्या वाऱ्याने हलत होते, जणू तो वारा त्या तळ्यावरूनच येतोय. काकांनी डोळे मिटले.

"मंडणगडचा घाट लागला का?"

"लागला."

"मग हॉर्न दे. पुढे वळण आहे."

मावशीने बटण दाबलं. वळण आलं. हात होते तसेच राहिले. गाडी मंदावली, तळ्याच्या काठाने अलगद वळली आणि धुक्यात शिरली. मावशीला कळलंही नाही. काकांनी मात्र आवाजावरून ओळखलं.

"ब्रेकला पाय लागला," ते म्हणाले. गाडी चालत राहिली.

मग मी स्टिअरिंग सोडवून घेतलं. मावशी शेवटचा ब्लाउज पुरा करायला बसली. शिवण कडेला आली, तशी तिच्या उजव्या पायाने खाली जोरात दाब दिला. हात मात्र चाकाकडे गेलाच नाही. मशीन चार टाके जास्त पळालं.

त्या वाकड्या टाक्यांकडे ती पाहत राहिली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. मग ब्लेड घेऊन एकेक टाका उसवता उसवता तिने मला विचारलं,

"सलोनी, सोमवारी गाडीत माझा कुठला पाय बसेल गं, शिवणारा की थांबवणारा?"