राहिलेली ओव्हर

सहा वर्षांपूर्वीचा एप्रिलचा पहिला रविवार, ऑस्ट्रेलियातल्या डार्विनचा किनारा. हजर: चार मराठी कुटुंबं, सात मुलं. आज गाडीच्या डिकीत वाळूने माखलेला टेनिस बॉल सापडला आणि ती सहल आठवली. मुलांना समुद्र जवळून दिसावा म्हणून भरतीची वेळ मीच निवडली होती. पाणी चढलं तसे शेकडो लांब चोचीचे करडे पक्षी आमच्या पिचशेजारी उरलेल्या वाळूवर दाटीने उभे राहिले. प्रत्येक फटक्याला ते उडायचे, चक्कर मारून परत उतरायचे. दुर्बीण घेतलेली एक म्हातारी बाई माझ्याकडे आली. "हे याच आठवड्यात निघतील, थेट चीनच्या किनाऱ्यापर्यंत, न थांबता. अंगावरची चरबी हाच त्यांचा शिधा. आणि भरतीत त्यांना टेकायला दुसरी जागा नाही." म्हणजे तो शिधा आम्ही संपवत होतो. मी जाऊन सरळ स्टंप उपटले. "अगं, एक ओव्हर राहिलीय, नऊच रन हवेत," नवरा बॅट धरून म्हणाला. "ओहोटीला काढ." "आई, दॅट्स सो अनफेअर," धाकटी म्हणाली. मैत्रीण हसली, "हिच्या काळजीच्या यादीत आता पक्षीपण आले." सगळ्यांना झाडांमागे नेऊन मी पुलाव वाढला. पक्षी पुन्हा उडाले नाहीत. ओहोटी लागेपर्यंत खेळणाऱ्यांतल्या दोघांच्या कामाच्या शिफ्टची वेळ झाली. आता किनाऱ्यावर जायचं तर मी आधी भरतीचं वेळापत्रक बघते. ती ओव्हर मात्र अजून टाकायची आहे. नवरा म्हणतो, तो नॉटआउट आहे.