जेवताना गळणारा डोळा

“तुम्ही रडत नाही आहात, काका. तुमच्या डोळ्याला वाटतंय की लाळ गाळायचं काम त्याचं आहे,” नगरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी मला केबिनमध्येच चिंचेची गोळी चघळायला लावली होती आणि डावा गाल पार भिजला होता. या प्रकाराला क्रोकोडाइल टिअर्स म्हणतात. म्हणजे मगरीचे अश्रू. नाव ठेवणाऱ्याने पेशंटला एकदा विचारायला हवं होतं.

मी पारनेरला मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतो. पाच वर्षांपूर्वी एका सकाळी चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून शर्टावर. भुवई हलेना, डोळा मिटेना. तो बेल्स पाल्सी होता, म्हणजे चेहऱ्याच्या नसेला सूज येऊन अर्धा चेहरा लुळा पडणं. आमच्याकडे त्याला तोंडावरून वारं गेलं म्हणतात, म्हणून मी आठवडाभर तेल चोळत शेकत बसलो. गोळ्यांचा खरा उपयोग पहिल्या दोन-तीन दिवसांत असतो, हे नंतर कळलं. तोंड वाकडं झालं तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

चेहरा बराचसा परत आला, पण अर्धवट. हसलो की डोळा बारीक होई. आणि वर्षभराने घास तोंडात गेला की डोळा गळू लागला.

लोकांना काय सांगणार? अश्विनीच्या, म्हणजे माझ्या एकुलत्या मुलीच्या लग्नात मी जिलेबी खात होतो आणि अर्धी पंगत माझं सांत्वन करत होती. मी तसा खडूस म्हणून प्रसिद्ध माणूस. घरी बायकोला, मंदाला ठाऊक होतं, पण बाहेर रोगापेक्षा त्याचं हसंच जास्त होईल म्हणून मी परक्याच्या घरी जेवणं सोडलं.

अश्विनीचं सासर अकोले तालुक्यात. तिथे मला जुन्या रीतीचा आधार मिळाला. नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय लेकीच्या घरी जेवू नये म्हणतात. दोन वर्षं मी तिच्या दारात जाऊन चहावर परत आलो. बाकी कुठलीही रीत न पाळणारा बाप एवढीच का पाळतो, हे तिला उमगेना. मग नात झाली. बाळंतपणाला आमच्याकडे आलेल्या अश्विनीने एकदा मंदाला विचारलं, “आई, पप्पांना माझं सासर पसंत न्हाई का? खरं सांग.”

ते मी ओट्यावरून ऐकलं. फार लागलं. दुसऱ्या दिवशी नगरची एसटी धरली.

डॉक्टरबाईंनी चित्र काढून समजावलं. नस पुन्हा वाढताना लाळेकडे जायचे धागे डोळ्याच्या अश्रुग्रंथीला जाऊन मिळाले होते. मला लगेच कळलं. वायरी चुकीच्या टोकाला जोडल्या गेल्या होत्या. “मग उसवून परत जोडा,” मी म्हणालो. त्या हसल्या. “ही मोटार उघडता येत नाही, काका.”

चेहरा वर्षानुवर्षं अजिबात हलत नसेल, तर दुसरी नस जोडतात किंवा मांडीचा स्नायू गालात बसवतात. ते ऑपरेशन मोठं, आणि माझा चेहरा हलत होता, फक्त चुकीचा. मला त्याची गरज नव्हती. आरशासमोर सावकाश करायचे फेशियल रीट्रेनिंगचे व्यायाम हसू आणि डोळा वेगळे करायला उपयोगी होते. पाण्यासाठी मात्र बोटॉक्सचं इंजेक्शन अश्रुग्रंथीत. “काही महिने टिकेल, मग पुन्हा घ्यावं लागेल. कधीकधी पापणी थोडे दिवस खाली येते. आणि गुण यायला आठ-पंधरा दिवस लागतात,” त्या म्हणाल्या. मी इंजेक्शन घेतलं.

चौथ्याच दिवशी बाळबाळंतिणीला सासरी पोचवायचा मुहूर्त निघाला. मंदा म्हणाली, पुढे ढकलू. मी नको म्हणालो. आता आणखी एक सबब सांगितली असती तर पोरीने काय समजायचं?

अश्विनीच्या सासरी पाट मांडले. अश्विनीने स्वतः वाढलं. पहिल्याच घासाला डावा डोळा वाहू लागला. मी घास गिळला आणि चूळ भरल्यापासून इंजेक्शनपर्यंत सगळं सांगून टाकलं.

विहीणबाई डोक्यावरचा पदर सावरत माझ्याकडे बघत राहिल्या. “आवं पाव्हणं, डोळ्यातनं पानी येतंय म्हून दोन वरसं आमच्या दारातनं उपाशी गेलात व्हय? आमी काय डोळं मोजायला बसलो हुतो?”

सगळे हसले. अश्विनी हसली नाही. वाटी हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. मग खाली वाकून हळूच म्हणाली, “पप्पा, आमटी वाढू अजून?”

पुढे इंजेक्शनचा गुण आला; आता घासाला जेमतेम थेंब येतो. ते उतरलं की पुन्हा घेईन. तुमच्यापैकी कुणाचा डोळा असा गळत असेल तर डॉक्टरांना विचारा, आणि तोवर जेवायला बोलावणाऱ्याला खरं सांगून टाका. त्या दिवशी डाव्या डोळ्याचं कारण मी साऱ्या पंगतीला सांगितलं होतं. अश्विनी आमटी वाढत होती तेव्हा उजवाही वाहत होता, त्याचं कारण कुणी विचारलं नाही.